*बिराती, *बेरोँ : आद्य-स्लाव्ह ‘घेणे’ कसं चालवायचं, आणि त्याचं आपल्या ‘भरणे’शी नातं

मूळरूप

रशियन शिकायला घेतलं की पहिल्या महिन्यातच एक क्रियापद आडवं येतं. ‘घेणे’ म्हणजे ब्रात्य, पण ‘मी घेतो’ म्हणजे बेरू. ब आणि र यांच्या मध्ये हा ए कुठून उगवला? पोलिशमध्ये ब्राच् आणि ब्योरें, चेकमध्ये ब्रात आणि बेरू. सगळीकडे तीच खोड, म्हणजे खोड जुनी आहे. हा धागा त्या आद्य-स्लाव्ह (या सगळ्या स्लाव्ह भाषांची समान पूर्वज भाषा) क्रियापदाची पूर्ण रूपावली मांडण्यासाठी.

आधी लिहायची पद्धत ठरवू, नाहीतर पुढे नुसता गोंधळ. आद्य-स्लाव्हमध्ये दोन अति-ऱ्हस्व स्वर होते, त्यांना येर म्हणतात. ते मुळात ऱ्हस्व इ आणि ऱ्हस्व उ यांचेच वंशज. म्हणून ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्हस्व उकार दिसला की तो येर समजा. दीर्घ ई आणि ऊ हे भरीव, टिकणारे स्वर. चंद्रबिंदू म्हणजे अनुनासिक स्वर (ओँ, एँ). ‘यात’ नावाचा पसरट ए मी ॲ-सारखा, म्हणजे ॅ चिन्हाने लिहितो. ख़ म्हणजे घशातून घासत येणारा ख, झ़ म्हणजे श-चा घोष जोडीदार. फुली असलेलं रूप कुठेही लिहिलेलं सापडत नाही, ते पुनर्रचित आहे. जुन्या चर्च-स्लाव्होनिकला ‘जुचस्ला’ म्हणतो. सिरिल आणि मेथोडियस ८६३ मध्ये मोराव्हियाला गेले तेव्हापासूनची ही लिखित भाषा, आणि तीच आपला सगळ्यात जुना साक्षीदार.

मूळ धातू आद्य-भारोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, स्लाव्ह वगैरेंची समान पूर्वज भाषा) *भेर्-, अर्थ ‘वाहून नेणे’. संस्कृत भरति, अवेस्ता बरइति, ग्रीक फेरो, लॅटिन फेरो, गॉथिक बैरन, आर्मेनियन बेरेम हे सगळे त्याचेच. स्लाव्हमध्ये महाप्राण गळतात, म्हणून भ चा ब.

या क्रियापदाला दोन अंगं आहेत आणि सगळी गंमत तिथेच आहे: वर्तमानाचं अंग बेर्-, इन्फिनिटिव्हचं (‘घेणे’ हे नुसतं रूप) अंग बिरा-.

वर्तमान, शेजारी संस्कृत:

एकवचन: *बेरोँ (भरामि), *बेरेशी (भरसि), *बेरेति (भरति)
द्विवचन: *बेरेवॅ (भरावः), *बेरेता (भरथः), *बेरेते (भरतः)
अनेकवचन: *बेरेमु (भरामः), *बेरेते (भरथ), *बेरोँति (भरन्ति)

आज्ञार्थ वर्तमानाच्याच अंगावर चढतो. नाव आज्ञार्थ असलं तरी हा आपला विधिलिङ् (संस्कृतातलं ‘करावे’ अशा अर्थाचं रूप) आहे:

*बेरी (भरेः, भरेत्), *बेरॅमु (भरेम), *बेरॅते (भरेत). द्विवचन *बेरॅवॅ, *बेरॅता.

संस्कृतातला ए आणि स्लाव्हमधला यात, दोघेही जुन्या ‘ओइ’ संयुक्त स्वरातून आले. शब्दाच्या शेवटी त्याची ई झाली, मध्ये यात राहिला. शेवटची व्यंजनं स्लाव्हने गाळून टाकल्यामुळे भरेः आणि भरेत् यांत फरक उरला नाही. दोन्हींचं *बेरी.

वर्तमान कृदन्तंही याच अंगावरून: पुल्लिंगी *बेरू (भरन्), स्त्रीलिंगी *बेरोँत्यी (भरन्ती), कर्मणी *बेरोमु.

आता दुसरं अंग, बिरा-:

इन्फिनिटिव्ह *बिराती, सुपाइन (‘घ्यायला जातो’ मधलं ‘घ्यायला’) *बिरातु.
अओरिस्ट (साधा भूतकाळ, संस्कृत लुङ्-च्या घरातला): *बिराख़ु, *बिरा, *बिरा, अनेकवचन *बिराख़ोमु, *बिरास्ते, *बिराशेँ.
अपूर्ण भूत: *बिराआख़ु, *बिराआशे, वगैरे.
भूत कृदन्तं: *बिरावु (कर्तरी), *बिरालु / *बिराला / *बिरालो (ल-कृदन्त), *बिरानु (कर्मणी).
क्रियानाम: *बिरानिये.

कोणतं रूप कोणत्या अंगावर, एवढं पाठ केलं की निम्मं काम झालं. वर्तमान, आज्ञार्थ आणि वर्तमान कृदन्तं बेर्- वर, बाकी सगळं बिरा- वर. सरमिसळ झाली की रूप चुकलंच. रशियनमध्ये ‘बेराल’ असं काही नाही.

शेवंती

छान मांडलंय. पण *बेरोँत्यी मधला तो ‘त्य’ उच्चारायचा कसा? आणि आजच्या भाषांत तो कुठे गेला?

मूळरूप

तो ‘त्य’ कुठल्याच भाषेत तसा राहिला नाही, प्रत्येकीने आपापलं केलं. जुचस्लामध्ये श्त (बेरोँश्ती), पूर्व स्लाव्हमध्ये च (बेरूची), पोलिशमध्ये त्स (ब्योरोंत्स), चेकमध्ये त्स (बेरोउत्स), सर्बियनमध्ये मऊ च (बेरूची). रशियनमध्ये दोन्ही सापडतात: बेरूची हे घरचं रूप आणि बेरूश्ची हे चर्चच्या भाषेतून आलेलं. आजचं पुस्तकी कृदन्त दुसरं. रशियनमध्ये अशा दुहेरी नोंदी ढीगभर आहेत, आपल्याकडे तद्भव-तत्सम असतात तशा.

खडूफळा

बेर्- आणि बिर्- मधला फरक अजून डोक्यात शिरला नाही. ए ची इ का झाली? कुठल्या नियमाने?

अर्धमात्रा

ए ची इ झालेली नाही. ए गळला, आणि र ला टेकू द्यायला इ आली.

पाणिनीच्या भाषेत बोलू. भृ हा मूळ धातू, गुण झाला की भर्, वृद्धी झाली की भार्. भारोपीय पातळीवर हे उलट्या बाजूने बघतात: भेर् हा पूर्ण स्वर असलेला धातू, त्यातला स्वर काढला की उरतं भृ, म्हणजे स्वरासारखा र. संस्कृतने तो ऋ म्हणून जपला: भृत, भृति, भृत्य. स्लाव्हमध्ये ऋ टिकत नाही, त्याच्या आधी ऱ्हस्व इ येते. म्हणून भृ- चं बिर्-. त्याला पुढे आ प्रत्यय लागला की बिरा-.

तिसरी पायरी ओ-ची: बोर्-. *बोरु हे नाम. रशियन व्हीबोर (निवड), नाबोर (संच), राज़्बोर (छाननी) यात तेच आहे. संस्कृतात त्याचा जोडीदार भार. इथे एक मजा आहे. संस्कृतने जुने ए आणि ओ दोन्ही अ मध्ये बुडवले, त्यामुळे ‘भर’ बघून आतला स्वर मूळचा कोणता ते सांगता येत नाही. स्लाव्हने ते वेगळे ठेवले. संस्कृत ऋ नीट दाखवते, स्लाव्ह ए-ओ नीट दाखवते. दोघींना शेजारी बसवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

चौथी पायरी स्लाव्हची स्वतःची: बिर् मधली ऱ्हस्व इ दीर्घ केली की *-बीराती, ‘पुन्हा पुन्हा घेणे’. रशियन सोबीरात्य, व्हीबीरात्य; क्रोएशियन बीराती (निवडणे). रशियन शाळेत ‘बेर/बीर’चा नियम घोकून घेतात, की मुळानंतर ‘आ’ प्रत्यय असेल तर ‘ई’ लिहा. त्यामागचं कारण एवढंच.

हटवादी

म्हणजे संस्कृत रूपं घ्यायची, भ चा ब आणि अ चा ए करायचा, झालं. मग भरसि वरून *बेरेसि यायला हवं. तुम्ही *बेरेशी लिहिलंय. आणि भरामि वरून *बेरामि. टायपिंगची चूक?

मूळरूप

चूक नाही. धाग्यातली सगळ्यात उपयोगी शंका तुम्ही काढलीत, म्हणून जरा सविस्तर.

*पहिला पुरुष एकवचन.* भरामि मधला मि मूळचा नाहीच. -आ हा एवढाच मूळ प्रत्यय होता. अवेस्ताच्या गाथांमध्ये तो तसाच दिसतो, ग्रीक फेरो आणि लॅटिन फेरो मध्येही. संस्कृतने अस्मि, ददामि या गणांकडे बघून मि चिकटवला. स्लाव्हने त्या दीर्घ स्वराला अनुनासिक जोडला, म्हणून -ओँ. आता पुढचं बघा: सर्बियन, क्रोएशियन आणि स्लोव्हेनमध्ये आज ‘बेरेम’ आहे, स्लोव्हाकमध्ये ‘बेरियेम’. त्यांनीही ‘दाम्’ (देतो) सारख्या मूठभर जुन्या क्रियापदांकडे बघून म लावला. संस्कृतने जे केलं तेच, फक्त कितीतरी शतकं उशिरा, आणि एकमेकींना न विचारता. म्हणून क्रोएशियन बेरेम आणि संस्कृत भरामि शेजारी ठेवून ‘बघा किती साम्य’ असं कुणी म्हटलं तर मान डोलवू नका. नेमका तो म दोन्हीकडे उपरा आहे.

*दुसरा पुरुष एकवचन.* स चा श इथे नियमाने होतच नाही. पाणिनीचं ‘इण्कोः’ (८.३.५७) आठवा: इ, उ, र वगैरे आणि क-वर्ग यांच्या पुढे प्रत्ययातला स मूर्धन्य (ष) होतो, अग्निषु, वाक्षु. जवळपास हाच नियम स्लाव्हमध्येही लागतो, फक्त तिथे स चा ख़ होतो. सप्तमी अनेकवचनात संस्कृत -षु तर स्लाव्ह -ख़ु. आणि ख़ च्या पुढे इ-ए आले की त्याचा श. आता भरसि मध्ये स च्या आधी अ आहे, स्लाव्हमध्ये ए. दोन्हीकडे नियम लागायचं कारण नाही. पण ‘ई’ने चालणाऱ्या क्रियापदांत (*नोसीशी, ‘तू वाहतोस’) स च्या आधी ई असल्यामुळे तो रीतसर श झाला, आणि तिथून तो बाकी सगळ्या गणांत पसरला. मूळचा स बघायचा असेल तर जुचस्लामधल्या येसी (असि), दासी (देतोस) या रूपांत बघा. तिथे शेजाऱ्यांचा दबाव पोचला नाही.

*तिसरा पुरुष.* -ति आणि -ओँति अगदी भरति-भरन्ति सारखे. जुन्या पूर्व स्लाव्ह लिखाणात ति, तर जुचस्लामध्ये मात्र ‘तु’. आजच्या रशियनमध्ये त कठोर (बेर्योत), युक्रेनियनमध्ये एकवचनात गायब (बेरे) पण अनेकवचनात मऊ त शाबूत (बेरूत्य), आणि पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन यांनी त केव्हाच टाकून दिला.

*पहिला पुरुष अनेकवचन.* मी *बेरेमु दिलं ते जुचस्लाच्या भरवशावर. पण युक्रेनियन आणि सर्बियन बेरेमो, चेक बेरेमे, पोलिश ब्येझ़ेमी. चार दिशांना चार तोंडं. इथे एकच मूळ प्रत्यय ठोकून बसवायचा मोह टाळा.

हटवादी

पटलं. म्हणजे साम्य दिसलं की आधी संशय घ्यायचा.

त्रिकोणी_वडा

मग हेही विचारतो. रशियन ब्राल, ब्राला, ब्रालो, ब्राली. मराठी आला, आली, आले. भूतकाळाला ल आणि वर लिंगाप्रमाणे बदल! हे तर एकच असणार ना? हिंदीत असा ल नाही, म्हणजे मराठीने थेट जपलंय.

अर्धमात्रा

नाही. हा प्रश्न दर वर्षी कुठे ना कुठे येतो, म्हणून नीट लिहून ठेवतो.

स्लाव्ह ल हा जुना भारोपीय विशेषण-प्रत्यय. धातूला थेट लागतो: बिरा + लु, ‘घेतलेला असा (मनुष्य)’. सुरुवातीला तो एकटा चालत नसे, सोबत ‘असणे’ लागे: *बिरालु येस्मि, ‘मी घेतलेला आहे’. पोलिश ब्राउएम मधला शेवटचा एम् हा त्या ‘आहे’चाच उरलेला तुकडा. रशियनने तोही टाकला, म्हणून उरलं नुसतं विशेषण, आणि विशेषण म्हणून ते लिंगाने बदलतं, पुरुषाने नाही.

मराठी ल प्राकृतातला. संस्कृत गत, त्याचं प्राकृत गअ, त्याला -इल्ल हा स्वार्थी प्रत्यय लागून पुढे ‘गेला’. म्हणजे आपल्याकडे भूतकाळ आधीच्या त-कृदन्ताने दाखवलेला होता, ल वरून आला. बंगाली, ओडिया, असमिया, भोजपुरी यांतही हाच ल आहे, त्यामुळे ‘मराठीने एकटीने जपलं’ हेही बाद.

शिवाय वागणूक निराळी. ‘तिने आंबा घेतला’ यात क्रियापद आंब्याकडे बघतं. रशियनमध्ये ते नेहमी कर्त्याकडे बघतं: ओना ब्राला, मग ती काहीही घेवो. मराठी माणूस रशियन बोलताना नेमका इथे घसरतो, कर्माला जुळवून टाकतो.

जाता जाता: हा ल सगळीकडे ल म्हणून ऐकू येत नाही. पोलिश ब्राउ, युक्रेनियन ब्राव, सर्बियन ब्राओ. शब्दाच्या शेवटी ल विरघळतो.

शेवंती

ब्रात म्हणजे भाऊ, ब्रात्य म्हणजे घेणे. आणि आपल्याकडे ‘भरण करतो तो भ्राता’ अशी व्युत्पत्ती सांगतात. मग दोन्ही भाषांत भाऊ भृ मधून?

मूळरूप

भाऊ वेगळा. *ब्रात्रु, संस्कृत भ्रातृ, लॅटिन फ्रातेर: त्यात र च्या पुढे मूळचाच दीर्घ आ आहे. ब्रात्य मध्ये ब आणि र जुळले ते मधला येर गळल्यावर, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी. त्याआधी *ब्रात्रु आणि *बिराती कानाला अजिबात सारखे वाटत नव्हते. भर्ता, भार्या, भृत्य मात्र खरोखर भृ चे.

तशीच दुसरी फसगत: रशियनमध्ये ब्रात्य अपूर्ण क्रियेसाठी, एकदाच्या पूर्ण क्रियेसाठी व्ज़्यात्य. पोलिश ब्राच् / व्ज़्योंच्. या दुसऱ्या शब्दाचं मूळ *येँती. त्यातला य पाहून आपले लोक ‘यम्’ला हात घालतात. तो य नंतर पुढे लागलेला आहे. धातू एम्-, लॅटिन एमो मधला.

खडूफळा

अर्थाचं काय? ‘वाहून नेणे’चं ‘घेणे’ कसं झालं? आणि मराठीत ‘भरणे’ तिसरीकडेच.

अर्धमात्रा

या धाग्यातला मला सगळ्यात आवडता भाग.

‘वाहणे’चं काम स्लाव्हमध्ये *नेस्ती, *नेसोँ या दुसऱ्या क्रियापदाने उचललं. गंमत अशी की ग्रीकमध्ये ‘फेरो’चा अओरिस्ट ‘एनेंक-’ या निराळ्या धातूपासून होतो, आणि तो धातू हाच नेस्-चा. ग्रीकने दोघांना एका घरात नांदवलं. स्लाव्हमध्ये नेस् ने घर बळकावलं आणि बेर् ला बाजूला सरकावं लागलं. वाहून आणणे, गोळा करणे, तोडून घेणे, घेणे, असा तो सरकला. आजच्या भाषा या वाटेवर वेगवेगळ्या मुक्कामांना थांबल्यात. सर्बियन आणि क्रोएशियनमध्ये ब्राती म्हणजे फळंफुलं खुडणे, बेर्बा म्हणजे द्राक्षांसारख्या पिकाची तोडणी. बल्गेरियनमध्येही खुडणे. रशियन, पोलिश, चेकमध्ये घेणे. स्लोव्हेनमध्ये ब्राती म्हणजे वाचणे! अक्षरं वेचणे. जर्मन लेज़न आणि लॅटिन लेगेरे यांनीही वेचण्याचं वाचणं केलं, तेव्हा नवल नको.

मग ‘वाहणे’ हा अर्थ होता याचा स्लाव्ह पुरावा काय? *बेर्मेँ, ‘ओझं’. संस्कृत भर्मन् चं जुळं भावंड. रशियन बेरेमेन्नाया म्हणजे गरोदर, ओझं वाहणारी. क्रियापदाने अर्थ बदलला, नामाने नाही. जुना अर्थ शोधायचा तर क्रियापद सोडून त्याच्या नामांकडे जा, ती जास्त आळशी असतात.

बाल्टिक बाजूला लिथुआनियन बेर्ती, लॅटव्हियन बेर्त. अर्थ धान्य वगैरे ओतणे, पसरणे. तिथून ‘भरणे’ फार लांब नाही. पण मराठीत भरणेचा आणखी एक वापर आहे जो मला स्लाव्हच्या जास्त जवळ वाटतो: बाजार भरतो, शाळा भरते, सभा भरते. रशियनमध्ये सभेला सोब्रानिये म्हणतात, बल्गेरियाच्या संसदेचं नाव नारोद्नो सब्रानिये, क्रोएशियाच्या संसदेचं साबोर. सगळे *सु- आणि बिर्/बोर् यांचे. समांतर आहे, वारसा नाही, पण आहे सुरेख.

पाणिनीय_पोरगा

साबोर म्हणजे मग सरळ ‘संभार’?

अर्धमात्रा

अर्धा. बोर् = भार, हे पक्कं. पण सम् चा नियमाने येणारा स्लाव्ह जोडीदार *सोँ-, जो *सोँसॅदु (शेजारी, ‘सोबत बसणारा’) मध्ये आहे. *सु- त्याच्याशी ध्वनिनियमाने जुळत नाही. तेव्हा अर्थ जुळतो, धातू जुळतो, उपसर्गावर बरोबरची खूण करू नका.

वोल्गाकाठ

येर गळण्याचा विषय मूळरूपने दोन शब्दांत उरकलाय, पण रूपं चुकतात ती तिथेच. तेव्हा जरा पसरून.

नियम हाव्लिक या चेक अभ्यासकाचा, १८८९ चा. शब्दाच्या शेवटापासून मागे मोजत या. शेवटचा येर दुबळा, त्याच्या आधीच्या अक्षरात येर असेल तर तो सबळ, त्याच्या आधीचा पुन्हा दुबळा. मध्ये भरीव स्वर आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दुबळे गळतात, सबळ टिकतात आणि भाषेप्रमाणे ओ, ए, आ होतात.

*बिराती: बि नंतर भरीव आ, म्हणून बि दुबळा. गळाला. ब्राती. *बेरोँ: येर नाहीच, काही होत नाही. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हेच: ए कुठून उगवला नाही, शेजारच्या रूपातला इ पळून गेला.

आता उपसर्ग लावा. *सुबिराती: बि दुबळा, म्हणून सु सबळ. *सुबेरोँ: सु च्या पुढे भरीव ए, म्हणून सु दुबळा. पोलिश हे घड्याळासारखं पाळते: ज़ेब्राच् पण ज़्ब्योरें. रशियनमध्ये सोब्रात्य बरोबर, पण सोबेरू! नियमाने तिथे ओ यायलाच नको. ब्रात्य-कडच्या रूपाने त्याला ओढलंय. चेकमध्येही सेब्रात, सेबेरू. फक्त रशियन किंवा चेक हाताशी धरून पुनर्रचना केली तर उपसर्गात भरीव स्वर होता असं वाटेल, आणि तिथे गाडी रुळावरून उतरेल.

*सुबोरु या नामातही सु दुबळा. रशियन ज़्बोर (जमवाजमव) नियमाप्रमाणे. पण सोबोर (धर्मसभा, मोठं चर्च)? तो चर्चमधला. पोथी वाचताना येर गिळत नसत, पूर्ण उच्चारत, म्हणून स्वर वाचला. एकच शब्द, एक बाजारातून आला, एक देवळातून.

आणि पोलिश ब्योरें मधला ओ: ए च्या पुढे कठोर दंत्य (त द स ज़ न र ल) आला की पोलिशमध्ये ए चा ओ. ब्येझ़ेश मध्ये र च्या पुढे ए असल्याने र मऊ होऊन झ़ झाला, म्हणून ए शाबूत. हा ओ पोलिशपुरता, त्याला मूळ रूपात घ्यायचं नाही.

शेवंती

बेर्मेँ आणि बेरोँ दोन्हीत बेर्. मग रशियनमध्ये बेरेमेन्नाया आणि जुचस्लामध्ये ब्रॅमेँ असे हाल का? बेरोँ चं कुठे ‘ब्रॅओँ’ होत नाही.

वोल्गाकाठ

कारण बे-रोँ मध्ये र पुढच्या अक्षरात जातो, बेर्-मेँ मध्ये तो अक्षर बंद करतो. आद्य-स्लाव्हच्या शेवटी बंद अक्षरं चालेनाशी झाली. दक्षिणेने र पुढे ढकलून स्वर लांबवला: ब्रॅमेँ. पूर्वेने दोन्ही बाजूंना स्वर ठेवला: बेरेम्या. पोलिश ब्झ़ेम्ये, चेक ब्र्झ़ीम्ये. रशियनमध्ये ‘ब्रेम्या’ही सापडेल, तो पुन्हा चर्चमधून.

हटवादी

सुपाइनचं एवढंसं नाव घेऊन पुढे गेलात. *बिरातु म्हणजे भर्तुम्?

मूळरूप

प्रत्यय तोच, -तुम्. अंग वेगळं: संस्कृत भर् + तुम्, स्लाव्ह बिरा + तु. वापर फक्त गतिवाचक क्रियापदांनंतर, ‘गोळा करायला जातो’ अशा ठिकाणी. स्लोव्हेनमध्ये आजही जिवंत: ग्रेम ब्रात, शेवटी ई नाही. स्लोव्हेनने द्विवचनही राखलंय: बेरेवा, बेरेता. जुन्या अओरिस्टसाठी सर्बियन बघा: ब्राह, ब्रा, ब्रा, ब्रास्मो, ब्रास्ते, ब्राशे. शेवटचं ब्राशे म्हणजे सरळ *बिराशेँ, फक्त अनुनासिक गेला.

इन्फिनिटिव्हचा -ती मात्र तुम् नव्हे. तो भृति सारख्या ति-नामाच्या विभक्तीतून आलेला, वेदातल्या ऊतये, पीतये सारखा.

पाणिनीय_पोरगा

याच साच्यातली आणखी क्रियापदं कोणती? सराव करायचाय.

मूळरूप

*दिराती, *देरोँ (फाडणे, संस्कृत दॄ). *पिराती, *पेरोँ (बडवून धुणे). *ज़ुवाती, *ज़ोवोँ (हाक मारणे, संस्कृत हवते). आणि सगळ्यात झणझणीत *गुनाती, *झ़ेनोँ (हाकलणे, संस्कृत हन्). शेवटचं करून दाखवा.

पाणिनीय_पोरगा

*झ़ेनोँ, *झ़ेनेशी, *झ़ेनेति, *झ़ेनेमु, *झ़ेनेते, *झ़ेनोँति. आज्ञार्थ *गुनी, *गुनॅते. अओरिस्ट *गुनाख़ु. ल-कृदन्त *गुनालु. सुपाइन *गुनातु. ग आणि झ़ चं कारण: ए च्या आधी ग चा झ़, येर-उ च्या आधी ग तसाच. संस्कृतात हन्ति पण घ्नन्ति, तसंच. म्हणजे हन् मधला अ एके काळी ए होता याची संस्कृतातच साक्ष!

मूळरूप

कारणमीमांसा फर्मास, पण आज्ञार्थ चुकला. तो वर्तमानाच्या अंगावर: *झ़ेनी, *झ़ेनॅते. बाकी बरोबर. आता रशियनमध्ये पडताळा घेऊ नका, फसाल. तिथे ग्नात्य आहे पण वर्तमान ‘गोन्यू, गोनिश’, ते *गोनीती या बहिणीकडून उसनं. चेक झ़ेनू, स्लोव्हेन झ़ेनेम, युक्रेनियन झ़ेनू हे खरे साक्षीदार.

त्रिकोणी_वडा

चेकमध्ये ‘झ़ेना’ म्हणजे बायको आणि ‘झ़ेने’ म्हणजे हाकलतो/हाकलते. हे तरी एकाच मुळातले म्हणा!

अर्धमात्रा

नाहीत. बायको *झ़ेना ही संस्कृत जनि, ग्ना यांच्या घरातली, तिथे मुळात साधा ग. हाकलणे हे हन्-घ्न चं, तिथे महाप्राण घ. मराठीत जनी निराळी आणि हाणणे निराळं. स्लाव्हने महाप्राण टाकले तेव्हा ग आणि घ एक झाले, मग दोघांचा झ़ झाला, आणि चेक माणसाला आता कानाने फरक कळायची सोय राहिली नाही.